बहिणीला चालायचं होतं म्हणून

माझ्या बहिणीला चालायचं होतं, म्हणून मी त्या फोनमधल्या गावात शिरलो. दुसरं काही कारण नव्हतं. लोक म्हणतात, माणसं असल्या ठिकाणी वेळ घालवायला जातात, नाद लागतो, डोळे बिघडतात. असेलही. मी आपलं माझं सांगतो.

मी सोलापुरात पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. मूळचा इथला नाही. माझं घर तळकोकणात, समुद्राच्या एक डोंगर अलीकडं. बाबा मुंबईला गिरणीत होते. ते वारले तेव्हा मी आठवीत होतो, आणि नववीचा वर्ग काही मला आतून बघायला मिळाला नाही. गिरणीत बाबांच्या शेजारच्या मागावर सोलापूरचे एक विणकर असायचे. गिरणी बंद पडली, दोघं आपापल्या मुलखाला गेले, पण ओळख तुटली नाही. बाबांच्या बाराव्याला ते एवढ्या लांबून आले आणि परत निघताना अंगणात मला म्हणाले, "चल की माझ्यासंगट. माग शिकवतो. पोटाला कमी पडणार न्हाय बघ."

मी त्यांना मामा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत मी आजही राहतो. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. मी आलो तेव्हा मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि माझी मालवणी ऐकून मामींना वाटायचं की मी सारखा रडवेला होऊनच बोलतोय. तसा मी घाबरटच. नवीन माणूस दिसला की मी दाराआड होतो, आणि एखाद्या कागदावर 'शिक्षण' असा रकाना दिसला की कागद तसाच परत देतो. पण कारखान्यात मला एक सोय मिळाली. तिथं बोलावंच लागत नाही.

माग सुरू झाले की कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आमच्यात सगळे ओठ वाचतात आणि हातानं बोलतात. अंगठा तोंडाकडं नेला की चहा. दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला. दोन बोटांची टोकं एकमेकांवर फिरवली की जुळला, चिंता नको. बाकी ओठांवरून. समोरच्या मागावरचा माणूस "एमैंदी?" म्हणाला, की त्याचे ओठ आधी फाकतात, मग मिटतात, आणि भुवया वर जातात. म्हणजे काय झालं? तेलुगू मी आधी डोळ्यांनी शिकलो, कानांनी नंतर.

आता बहिणीचं. ती माझ्याहून लहान. लग्न गावाजवळच झालं, नवरा बोटीवर कामाला, स्वभावानं गरीब. तिला एकदा दिवस राहिले होते आणि राहिले नाहीत. त्यावेळी ती फोनवर काही बोलली नाही, नुसती 'दादा' म्हणाली आणि फोन चालू ठेवून बसली. मीही बसलो. म्हणून पुढच्या वेळी दिवस राहिले तेव्हा आनंद व्हायच्या आधी सगळ्यांना भीतीच वाटली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मूल हवं असेल तर खाट सोडायची नाही. उठायचं ते फक्त मोरीपर्यंत." आईनं तिला माहेरी आणली आणि खिडकीजवळ खाट टाकली.

आमची बहीण म्हणजे लहानपणापासून पायाला भिंगरी. आंबे बघायला चालत, ओहोळावर चालत, कुणाची म्हैस व्याली तर तीही बघायला चालत. तिला खाटेवर झोपवणं म्हणजे कोंबडीला टोपलीखाली झाकणं. मी भेटून आलो, पण रजा ती किती मिळणार. सोलापूरला परतल्यावर एका दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, माका चलूक होया. नुसता चलूक. खंय जावचा नाय."

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाय काय म्हणाली?"

"ती पायांबद्दल म्हणाली. मी फोनातल्या पायांबद्दल सांगतंय."

तिनं कुणाच्या तरी फोनमध्ये पाहिलं होतं. एक गाव असतं. त्यात आपली एक बाहुली करायची, तिला कपडे घालायचे, आणि मग बोटानं ढकललं की ती चालते. रस्ते असतात, बाजार असतो, झाडी असते, समुद्र असतो. जगभरातले लोक आपापल्या बाहुल्या घेऊन तिथं हिंडत असतात. तिला तिथं जायचं होतं, पण एकटीला नाही. मी बरोबर हवा होतो. लहानपणी ओहोळावर जातानाही तिला मी बरोबर लागायचोच, आणि तिथं पोचल्यावर ती माझ्या पुढं पळायची.

मला काही ते येत नव्हतं. आमच्या कारखान्यात माझ्या वयाचा एक दोस्त आहे, घरी दखनी बोलणारा, फोनमधलं सगळं त्याला येतं. सुट्टीच्या दिवशी त्याला घरी बोलावलं. तो चटईवर बसला, मामींनी पुढं ठेवलेल्या शेंगा फोडत फोडत त्यानं माझ्या फोनवर ते गाव उतरवलं. मग गावानं विचारायला सुरुवात केली. मी घाबरून म्हटलं, "शिक्षण विचारतंय का रे?"

तो हसता हसता मागं कलंडला. "अरे भाई, नौकरी लगा रा क्या तू? नाम पूछ रा उने, बस. वो भी झूटा चलता."

नाव, जन्मसाल आणि केस कसे हवेत. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दारात मला केसांबद्दल विचारून आत घेतलं. मी बाहुलीला कुरळे केस दिले, कारण माझे सरळ आहेत. दोस्ताला विचारलं, तू कशाला जातोस रे तिथं? तो म्हणाला, "घोडा है ना मेरा वहाँ. इधर सायकल पंक्चर है." मामा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "लुंगी मिळती का तितं?" शोधलं. लुंगी नव्हती. "मग मी न्हाय येत. अर्ध्या चड्डीत मी गावातनं हिंडणार न्हाय," म्हणाले आणि निघून गेले.

बहिणीशी ठरलं होतं की समुद्राजवळ एक मोठं झाड आहे, त्याच्याखाली भेटायचं. तिची बाहुली पिवळ्या कपड्यातली. मी हळूहळू बाहुलीला चालवत नेलं. दोनदा भिंतीत घुसलो, एकदा कुणाच्या तरी दुकानात टेबलावर चढलो. पण पोचलो. झाडाखाली गर्दी होती, पिवळं कुणी नव्हतं. मी दोस्ताच्या फोनवरून बहिणीला फोन लावला.

"खंय आसस गो?"

"झाडाखाल."

"मीय झाडाखालच आसंय. दिसणस नाय."

"तूच दिसणस नाय. माझ्या बाजूक एक सश्याच्या कानांची बाई आसा."

माझ्या बाजूला सशाच्या कानांची कुणी नव्हती. माझ्या बाजूला एक डोक्यावर टीव्ही असलेला माणूस नाचत होता. ती म्हणाली, तिच्याकडं टीव्ही नाही. झाड तेच, खाली बाकडं तेच, बाकड्यामागं लाल दिवा तोच. फक्त आम्ही नाही.

आमच्या घरात एक नियम आहे. लहानपणी गावच्या जत्रेला जाताना आई रस्त्यात चारचारदा बजावायची: हरवलास तर जाग्यावरसून हलू नको, मी येऊन शोधतंय. हरवलेल्यानं उभं राहायचं, मोठ्यानं शोधायचं. मी मोठा. पण त्या क्षणी मला वाटलं की हरवलोय मी, आणि तिला वाटलं हरवली ती. मी म्हटलं, "हलू नको हां." ती म्हणाली, "तूय हलू नको." आणि आम्ही दोघं आपापल्या झाडाखाली अगदी शहाण्यासारखे उभे राहिलो. मी फोनला हातही लावला नाही. मामी मागून डोकावून म्हणाल्या, "तुझी बाहुली मेली का रे?"

तेवढ्यात गावानं मला बाहेर काढलं. जो बराच वेळ हलत नाही त्याला ते गाव झोपलेला समजून हाकलतं, हे आम्हाला काय माहीत. तिकडं तिलाही हाकललं होतं. पुन्हा आत शिरलो, पुन्हा झाडाखाली गेलो, पुन्हा नियमानं उभे राहिलो, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा बहीण फोनवर रडकुंडीला आली. "दादा, माका खाटेवरच ठेवतत सगळी. हंय तरी चलूक दी."

मग दोस्तानं शेंगांचा हात पुसला आणि माझ्या हातातून फोन घेतला. "देखो. लोकां ज्यादा हुए तो ये दूसरा गाँव खोल देता. सेम टु सेम. पेड़ वोइच, समंदर वोइच. तू इस गाँव में खड़ा, बहन उस गाँव में खड़ी. खड़े रहके क्या मिलता?"

म्हणजे एकाच गावाची पुष्कळ गावं, आणि आम्ही वेगवेगळ्या गावांतल्या एकाच झाडाखाली. मामा बाहेरून ओरडले, "आमच्या कारखान्यावानीच की! डिझाईन एक, माग वेगळे!" दोस्तानं कुठलंसं बटण दाबून बहिणीला माझ्या गावात बोलावणं धाडलं. आणि झाडाच्या बुंध्यातून, हवेतूनच म्हणा, एक पिवळी बाहुली माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

खरं तर ती नुसती बाहुली होती. तोंड सगळ्यांचं असतं तसलंच. पण ती उभी राहिली, एकदा माझ्याकडं वळली, आणि मग मला सोडून सरळ समुद्राच्या दिशेनं जी सुटली! मागं वळून बघेना. मी मागून धडपडत, आपटत. फोनवर तिचं हसू ऐकू येत होतं, आणि आईचा आवाज, "गो, हळू हस, पोट हलतला!" मी इकडं चटईवर बसून घामाघूम, आणि मामी विचारतायत, "तीच का? तीच का ती?" तीच होती. तिच्यासारखी पुढं पळणारी दुसरी कोण असणार?

तेव्हापासून आमचं चालणं सुरू झालं. माझी पाळी सुटली की दुपारी, नाहीतर सकाळी कामावर जायच्या आधी. बोलणं फार होत नसे. तिच्याकडं रेंज कमी, बोलायला गेलं की आवाज तुटायचा, आणि खाटेपाशी सारखं कुणी ना कुणी भेटायला आलेलं. पण चालणं व्हायचं. बाहुलीला काही हालचाली करता यायच्या: हात हलवणं, वाकणं, बसणं, टाळ्या, उडी. मी तिला सांगितलं, आमच्या कारखान्यात असंच बोलतात, आवाजाशिवाय. मग आम्ही आमची भाषा ठरवली. वाकणं म्हणजे बरी आहे. बसणं म्हणजे दमले. टाळ्या म्हणजे आई खोलीत आहे, काही विचारू नको. आणि उडी तिनं स्वतः ठरवली. म्हणाली, बाळ हललं की उडी.

आधी कितीतरी दिवस उडी नव्हती. मी चालायचो आणि डोळा तिच्या पायांकडं. ती पुढं, मी मागं. विचारायची हिंमत होत नव्हती. मागच्या वेळचं ते फोन चालू ठेवून गप्प बसणं मला विसरता येत नव्हतं. मग एका दुपारी बाजाराच्या मधोमध, भाजीच्या नाही, टोप्यांच्या दुकानासमोर, पिवळ्या बाहुलीनं टुण्णकन उडी मारली. मी बघतच राहिलो. परत मारली. मी पण मारली. आजूबाजूच्या लोकांना काय वाटलं कुणास ठाऊक, तेही मारायला लागले. एक अस्वल होतं, तेही उड्या मारत होतं. मी तिकडं अस्वलाबरोबर उड्या मारत होतो आणि इकडं चटईवर माझ्या डोळ्यांतून पाणी. मामी धावत आल्या, हातात बिडीचं पान आणि कात्री तशीच. "एमैंदी रा?" मी बोटांची कातर न करता टोकं एकमेकांवर फिरवून दाखवली, जुळला. घरात आवाज नसतानाही मला कारखान्याच्याच खुणा सुचल्या.

मामी बिड्या वळतात. बसल्या बसल्या मान न उचलता दिवसभर. त्या दिवसानंतर त्या माझ्या शेजारी सूप घेऊन बसायला लागल्या आणि मधूनमधून माझ्या फोनकडं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "त्या पाण्यापाशी ने की." मी समुद्राकाठी नेलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. "तुझ्या गावाकडं असाच असतो?"

"असाच. पण ह्याला वास नाही मामी."

"कसला वास?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मासे, मीठ, ओला दोर, कुजलेलं गवत. त्या म्हणाल्या, "मग वास नसलेलाच बरा." पण चार दिवसांनी त्यांनी त्यांच्या भाच्याकडून स्वतःच्या फोनवर गाव उतरवून घेतलं. बाहुलीला दोन वेण्या दिल्या. कुठं जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. समुद्राकाठी बाहुली बसवतात आणि सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. मध्येच गाव हाकलतं, की मामी त्याला तेलुगूत शिवी घालून परत आत शिरतात. आयुष्यात समुद्र बघितला नव्हता त्यांनी. दोस्त घोड्यासाठी, मामी पाण्यासाठी, बहीण पायांसाठी. मामा म्हणाले, "आन तू?" मी म्हटलं, बहिणीसाठी. ते म्हणाले, "व्हय, ते कळलं. पण तू आताशा लई हसायला लागलाय. ते कुणासाठी?"

खरं तर तिथं मला कुणी विचारत नव्हतं, कितवी शिकलास, कुठला, कुणाचा. माझी बाहुली अनोळखी लोकांना हात करायला लागली होती. मी नाही, ती. पण सवय हाताला लागते. एक दिवस नाक्यावरच्या चहावाल्याला मी आपण होऊन हात केला, तर तो दचकला.

एकदा मात्र माझा जीव जायचाच बाकी राहिला. आम्ही झाडीतून चालत होतो, ती पुढं. आणि ती चालता चालता थांबली. पाऊल उचललेलं तसंच. वाकली नाही, बसली नाही. मी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, हात केला, उडी मारली. काही नाही. मग ती विरघळल्यासारखी नाहीशी झाली. फोन लावला तर लागेना. आईचा लागेना. शेजाऱ्यांचा लागेना. मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. मामांनी मला दंडाला धरून खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. ते उठलेच नाहीत. जेवायची वेळ टळून गेली तरी नाही. मामींनी भाकरी आणून ठेवली, ती तिघांनीही खाल्ली नाही. ऊन उतरल्यावर फोन वाजला. तिकडं गावातला टॉवर बंद पडला होता, बस्स. बहीण म्हणाली, "घाबरलस काय रे?" मी म्हटलं, "नाय तर." मामांनी ते ऐकलं आणि मामींना म्हणाले, "वाढ गं. हा खोटं बोलायला लागला म्हणजे बरा झाला."

दिवस भरत आले तशी तिला तालुक्याच्या दवाखान्यात हलवली. त्या आठवड्यात पिवळी बाहुली आलीच नाही. मी मामींच्या बाहुलीशेजारी समुद्राकाठी बसून राहायचो. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. एवढ्या आवाजात माझ्याकडं बघून जो तो भुवया उडवायचा, आणि मी मान हलवायचो, अजून नाही.

आणि मग तो फोन आला. भर पाळीत, सगळे माग चालू. खिशात थरथरलं म्हणून काढला, तर व्हिडिओ कॉल, बहिणीच्या नवऱ्याचा. उचलला. आणि पडद्यावर एक कान आला.

आईचा कान. कुडीसकट. आईला व्हिडिओ कॉल म्हणजे काय ते माहीत नाही, फोन म्हटल्यावर तिनं तो कानालाच लावलेला. कान हलत होता. म्हणजे आई बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, आणि ओठ दिसत नव्हते. मी ओरडलो, "आई, फोन समोर धर!" माझाच आवाज मला ऐकू आला नाही. कुडी हलतेय, कानामागचे पांढरे केस हलतायत, मी पडद्यावर त्या कानाची रेघ न् रेघ बघतोय. दारापर्यंत पळून जावं, बाहेर आवाज कमी, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. मामा त्यांच्या मागावरून बघत होते. त्यांचे ओठ फाकले, मिटले. एमैंदी?

मग पलीकडून कुणीतरी आईच्या हातातला फोन ओढला असणार. छत दिसलं, पंखा दिसला, आणि आईचं तोंड आलं. दात पडलेलं, घामेजलेलं, पूर्ण पडदाभर. ते बोलत होतं.

मी एवढी वर्षं त्या कारखान्यात ओठ वाचतोय. तेलुगू वाचलंय, सोलापुरी वाचलंय, दखनी वाचलंय. माझी स्वतःची भाषा मात्र त्या आवाजात कुणी माझ्यासमोर बोललंच नव्हतं. बोलणारं कुणी नव्हतंच तिथं. मालवणी ओठांवर कशी दिसते हे मी पहिल्यांदा बघत होतो. ओठ जरा पुढं आले, जीभ वर गेली. चेडू. परत तेच. चेडू झाला. मग ओठ गोल झाले, मिटले, रुंद झाले. दोघांय बरी आसत. आई तीन-तीनदा म्हणत होती, तिला वाटत होतं मला ऐकू जात नाही. मला सगळं ऐकू येत होतं.

मी वर बघितलं. मामांनी हात उताणा करून विचारलं, काय? खूण कुठली करावी तेच कळेना. मुलगी झाली, दोघी सुखरूप, याला आमच्यात खूण नव्हती. म्हणून मी उडी मारली. दोन मागांच्या मधल्या गल्लीत, सुताच्या भुरभुरीत, होती तितकी ताकद लावून. आमची ती भाषा मामींनी मामांना सांगितली होती, मामांनी निम्म्या कारखान्याला. दोस्त पलीकडच्या रांगेतून उडाला. मग त्याच्या शेजारचा. आणि मामा, साठीच्या पुढचे, पोट सुटलेले, लुंगी दोन्ही हातांनी वर धरून, वीतभर का होईना, पण उडाले. पडद्यावर आई बघत होती. तिला काय दिसलं असेल देव जाणे. तिचे ओठ मी वाचले. "खुळे झाले सगळे."

बारशाला जाऊन आलो. बाळाचे पाय आत्यासारखे लांब आहेत असं आई म्हणते, पण बहिणीच्या नवऱ्याला बहीणच नाही, म्हणजे बाळाला आत्याच नाही, तेव्हा ते सोडून द्या. बहीण खाटेवरून उठली आहे, घरभर हिंडते, ओहोळावर जाऊन येते. मला वाटलं, आता तिला फोनमधल्या गावाची काय गरज.

तर मागच्या सुट्टीच्या दिवशी मी सहज आत गेलो. समुद्राकाठी मामींची दोन वेण्यांची बाहुली नेहमीसारखी बसलेली. आणि तिच्या शेजारी, पिवळ्या कपड्यात, आणखी एक. ती पण बसलेली. मी हात केला. ती हलली नाही. मी समोर जाऊन चालायची खूण केली, चल की. फोनवर तिचा आवाज आला, मागं बाळाच्या चोखण्याचा आवाज.

"दादा, आता पाय नको. सकाळपासून उभी आसंय. माका जरा बसूक दी."

मीही बाहुलीला तिच्या पलीकडं बसवलं. मामी मान न उचलता म्हणाल्या, "हलत राहा मधूनमधून, न्हायतर हाकलतंय."